बॅटरी गाडी चढावावर दम सोडते तेव्हा

नमस्कार राजेहो, आज कपाशी नाही, तूर नाही. आज बोलायचं ते बॅटरीवरच्या गाडीबद्दल, गोल्फ कार्ट म्हणतात ती, आपल्याकडं देवस्थानात म्हाताऱ्या माणसांना गेटपासून मंदिरापर्यंत नेते ती. ई-रिक्षावाल्या भावांनी पण ऐका, तुमच्याकडं बहुतेक 12 व्होल्टच्या शिशाच्या 4 बॅटऱ्या, गोल्फ कार्टात बऱ्याचदा 8 व्होल्टच्या 6, बेरीज दोन्हीकडं 48 च, अन् दुखणी पण तीच.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा, सारखी सांगणार आहे. बॅटरीचा दम उभ्या गाडीत मोजू नका, माणसं बसवून चढावावर मोजा.

हे काऊन सांगून राहिलो ते ऐका. मेळघाटच्या पायथ्याशी एक देवस्थान आहे, मंदिर टेकाडावर, वर जायला सिमेंटचा चढाव, अन् ऐन चैत्रातल्या यात्रेच्या तोंडावर तिथली बॅटरी गाडी रुसली. सपाटीवर मस्त पळे, पण चढावाला लागली की अर्ध्यात उभी, मग चाकाला दगड लावा, आजीबाईंना उतरवा अन् त्या उन्हात पायी चालवा. (माझं तर म्हणणं आहे, देवस्थानानं कळसाला रंग नंतर द्यावा, आधी त्या वाटेवर कडुनिंब लावावे अन् पाण्याचे माठ ठेवावे, आपल्या इकडच्या उन्हात तेच खरं पुण्य.) तर बॅटरीवाला आला, मीटर लावलं, एकेक बॅटरी 8.4 दाखवे, म्हणजे पूर्ण भरलेली. तरी तो म्हणे सेट गेला, सहाच्या सहा बदला. विश्वस्त मंडळी डोक्याला हात लावून बसली, एवढा पैसा यात्रेआधी आणायचा कुठून.

तेवढ्यात गावातलीच एक पोट्टी आली, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेली. ती म्हणे, "काका, उभ्या गाडीत बॅटरीले काही काम आहे का? मांगच्या सीटवर चौघं बसा." गोल्फ कार्टात बॅटऱ्या सीटखाली असतात, म्हणून तिनं मीटरच्या वायरींना चिमटे लावले, ते एका बॅटरीला धरवले, वायरी सीटखालून बाहेर काढल्या अन् गाडी चढावावर घ्यायला लावली. मी बाजूला बसून आकडे लिहीत होतो. दर खेपेला दुसरी बॅटरी. कोणती 7.7, कोणती 7.6, सगळ्या सारख्याच, एकही पडली नाही. सहाची बेरीज 46. मग तिनं चिमटे सहा बॅटऱ्यांच्या रांगेच्या दोन टोकांच्या, गाडीकडं जाणाऱ्या जाड केबलांना लावले, तर चढावावर मीटर म्हणते 42. बॅटऱ्या 46 देऊन राहिल्या अन् गाडीला मिळून राहिले 42, मधले 4 व्होल्ट गेले कुठं?

आता खरी गंमत, पुन्हा चढावावरच. तिनं एक चिमटा बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर लावला अन् दुसरा त्याच खुंटीवर कसलेल्या लगवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर. एकाच जागी दोन चिमटे! तिथं मीटरनं जवळपास शून्य दाखवायला पाहिजे. बाकी सगळीकडं शून्यच आलं, पण एका जोडावर पावणेचार. बोल्ट उघडला तर लगखाली पांढरा-हिरवा थर, अन् केबल आतून काळी पडलेली. चढावावर मोटर सहज 100 अँपिअर ओढते, त्याला पावणेचारनं गुणा, पावणेचारशे वॅटची उष्णता त्या एका जोडात जळून राहिली होती, बॅटरीचा काय दोष? खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थर धुतला, तारेच्या ब्रशनं घासला, नवी केबल, नवा लग, घट्ट कसला, वरून पेट्रोलियम जेली. गाडी भरल्या सीटांनिशी एका दमात वर. सेट बदलायचा खर्च वाचला, अन् पोरींना आयटीआयला कशाला पाठवायचं म्हणणाऱ्या बापांना मी हा किस्सा नेहमी सांगतो.

म्हणून पुन्हा सांगतो, माणसं बसवून मोजा. बाकीच्या पाच बॅटऱ्या साडेसातच्या वर अन् एकच सहाच्या खाली बसली तर तीच दुखरी, ती बाकीच्यांनाही खाली ओढते. सगळ्या सारख्या असून गाडीला कमी मिळत असेल तर जोड तपासा. मात्र मोजायच्या आधी हातातलं कडं-घड्याळ काढा, पान्याला टेप गुंडाळा, अन् चार्जिंगच्या जागी बिडी-काडी अजिबात नाही, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

पाण्याचं थोडक्यात. आपल्या इकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पाणी भराभर उडते, तेव्हा दर आठवड्याला झाकणं उघडून बघा. फक्त डिस्टिल वॉटर, विहिरीचं नाही, बोअरचं नाही, अन् ॲसिड तर मुळीच नाही. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच टाका, पूर्ण भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, नाहीतर चार्ज होताना आतलं ॲसिडमिश्रित पाणी फुगून वरून सांडते अन् तेच लग खाते.

अन् यात्रा संपली की गाडी तशीच रिकामी शेडमध्ये लावू नका. शिशाची बॅटरी उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट चढते अन् ते कडक झालं की निघत नाही. वापर नसला तरी महिन्याला एकदा पूर्ण चार्ज करा. पूर्ण चार्ज करून काही तास थांबून मोजलं तर 48 व्होल्टची गाडी 51 च्या जवळ दाखवते, 48 च्या खाली गेली की निम्म्याहून कमी उरली समजा. अन् फारच उतरली तर पुष्कळ ऑटोमॅटिक चार्जर चालूच होत नाहीत, आधी त्यांना बॅटरीचा थोडा व्होल्टेज दिसावा लागतो, लोक म्हणतात चार्जर जळाला. चार्जर फेकू नका, बॅटऱ्या सोडवून दुकानात एकेक करून हळू चार्ज करून आणा, मग चार्जर लावून पहा.