गणित आवडतं, पण कोणतं?

गणितात पदवी करू की इंजिनिअरिंग, अकाउंटन्सी असं थेट कामाला लावणारं काही घेऊ, असं विचारायला मुलं येतात, तेव्हा मी लगेच उत्तर देत नाही. कोरा कागद पुढे ओढतो आणि प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडची एक सिद्धता लिहायला घेतो. आज तुमच्यासमोरही तेच करतो.

मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे त्याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. समजा, त्या संपतात. मग त्या सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. यादीतल्या कुठल्याही मूळ संख्येने भागलं, तरी बाकी एक उरणार. म्हणजे यादीबाहेर एखादी मूळ संख्या आहेच.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, 'म्हणजे ही नवी संख्या मूळच असणार.' बघू या करून. २ अधिक १, तीन. २ गुणिले ३ अधिक १, सात. पुढे ५ ही गुणला की ३१, मग ७ गुणला की २११, मग ११ गुणला की २३११. पाचही मूळ निघाल्या. आता तेरापर्यंतच्या मूळ संख्यांचा गुणाकार ३००३०; एक मिळवला की ३००३१. आणि ही संख्या मूळ नाही! ५९ गुणिले ५०९ केलं की ३००३१ येतात. मग सिद्धता कोसळली का? मुळीच नाही. ५९ आणि ५०९ आपल्या यादीत नव्हत्याच, आणि युक्लिडला तेवढंच हवं होतं.

लिहिता लिहिता मी समोरच्या मुलीकडे किंवा मुलाकडे बघत असतो. एखादी विचारते, 'हे वापरतात कुठे?' दुसरी काहीच बोलत नाही, कागद स्वतःकडे ओढते आणि सातवी संख्या काढायला लागते. दोघी हुशार, दोघींचे मार्क सारखेच. पण पदवीचं गणित या दुसरीला मानवेल.

शाळेतल्या गणितात रीत आधी मिळते, मग त्या रीतीची वीस उदाहरणं. पदवीला गेलं की हे उलटतं. दोन पानांची सिद्धता, त्यातल्या एका ओळीवर तुम्ही संध्याकाळभर अडकलेले, आणि आकडेमोड जवळजवळ नाहीच. हे मी एका मुलाला नीट सांगितलं नव्हतं. त्याचे मार्क पाहून 'गणितच घे' म्हणालो. दुसऱ्या सत्रात तो आला तेव्हा त्याला वाटत होतं की आपली बुद्धीच आटली. तसं काही नव्हतं. त्याला गणित वापरायला आवडत होतं. पुलाचा भार काढायला सांगा, तहानभूक विसरायचा. पुढे तो सिव्हिलला गेला आणि रमला, पण त्याचं एक वर्ष गेलं ते माझ्या सल्ल्यामुळे. ती गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

व्यावसायिक पदवीला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. किती चूक चालेल, ती कुठे चालणार नाही, हे ठरवणं हीसुद्धा विचारांची मोठी शिस्त आहे. आणि एक गोष्ट पालकांनी स्वच्छ समजून घ्यावी: डॉक्टरकीसारख्या परवान्याच्या व्यवसायात त्याच शिक्षणाशिवाय दार उघडत नाही. तिथे 'आधी गणित करू, मग बघू' म्हटलं की बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. उलट प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र, वित्त, विम्यातली जोखीम मोजण्याचं, म्हणजे ॲक्च्युअरीचं काम, इथे गणितवाल्याला वाट मिळते. मात्र नुसत्या पदवीवर नाही. सोबत प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र पक्कं हवं, आणि ते शेवटच्या वर्षाची वाट न बघता पहिल्या वर्षापासून.

अमेरिकन गणिती आणि अभियंता क्लॉड शॅनन यांनी १९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातून दोन पदव्या घेतल्या, एक विद्युत अभियांत्रिकीची, दुसरी गणिताची. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रबंधात दाखवलं की जॉर्ज बूल यांचं तर्काचं बीजगणित रिलेच्या, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांच्या, विद्युतमंडलांना चपखल लागू पडतं. बूल यांचा ग्रंथ १८५४ चा. ऐंशीहून जास्त वर्षं ते गणित होतं आणि रिलेही वापरात होते. दोन्ही एकाच डोक्यात यावी लागली. आजचे डिजिटल संगणक त्याच पायावर उभे आहेत. म्हणून संयुक्त पदवी, किंवा एक मुख्य आणि एक दुय्यम विषय अशी सोय असेल, तर तिचा विचार आधी करा. अर्ज भरताना त्या रकान्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

अर्जाला अजून वेळ असेल, तर पहिल्या वर्षाच्या गणिती विश्लेषणाचं, म्हणजे कॅल्क्युलसमागच्या सिद्धतांचं, पुस्तक ग्रंथालयातून आणा. पहिलं प्रकरण वाचायचं, आणि त्यामागची तीन उदाहरणं उत्तर न बघता सोडवायची. एक आठवडा द्या. सुटली की नाही, ते मला सांगू नका. अडकलात तेव्हा पुस्तक मिटून उठलात की जेवतानाही तेच डोक्यात होतं, तेवढं येऊन सांगा.