पडवी बंद करण्याआधी भरतीरेषा बघा

मे महिना. आंजर्ल्याच्या खाडीकाठी एका खळ्यात जांभ्याचे चिरे रचून ठेवलेत. पडवीला चिऱ्यांची भिंत घालून दोन खोल्या काढायच्या आणि पर्यटकांना द्यायच्या, असा घरमालकांचा बेत आहे. परवानगीचं विचारलं तर म्हणतात, “आपल्याच घराला परवानगी कसली? घरपट्टी भरतो ना!”

प्लास्टिकच्या पिशवीतून घरपट्टीची पावती आणि नमुना 8 चा उतारा बाहेर येतो. हे कागद कर आकारण्यासाठीचे. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते, आणि ती भरली म्हणून ते अधिकृत होत नाही. हा गैरसमज कोकणात घरोघरी आहे.

रंग, गिलावा, फरशी, फुटकी कौलं बदलून घर शाकारणं, यासाठी परवानगी लागत नाही. बाहेरून घराचं रूप फारसं बदलणार नसेल, तर 1966 चा नगररचना कायदा दुरुस्तीला मोकळीक देतो. माडी चढवायची, जोतं वाढवायचं, घर पाडून नव्याने उभारायचं, तर मात्र हवीच. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 52 बांधकामाआधी पंचायतीची परवानगी मागतं. घर गावठाणाबाहेर असेल तर पंचायतीच्या शिक्क्यावर भागेलच असं नाही. तहसील कार्यालयात चौकशी करावी लागते.

पडवी? जोतं तेच, पण दर्शनी बाजूच बदलते. म्हणजे विचारायलाच हवं.

त्यात इथे खाडी आहे. सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्र, फक्त समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी, अशी आपली समजूत. पण भरतीचं पाणी जिथवर आत शिरतं, तिथवरचा खाडीकाठही त्यात येतो. 2019 च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम रोखणारा पट्टा असतो. खाडीकाठी तो 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांतलं जे कमी असेल तेवढा. या पट्ट्यातल्या अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती, पुनर्बांधणी करता येते. पण जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम, वाढवायचं नाही.

ही रेषा डोळ्यांनी ठरत नाही. कुंपणाच्या गडग्यावर उधाणाच्या पाण्याने ओढलेला काळपट पट्टा दिसतो, पण सरकारदरबारी चालते ती किनारा व्यवस्थापन आराखड्यातली रेषा. त्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर शोधायचा.

आणि होमस्टे? स्थानिकांना तो करता येतो. अट अशी की आहे त्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे याच घरातली एखादी खोली पाहुण्यांना देता येईल. पडवीचा बेत मात्र नेमका इथेच अडतो.

दुसऱ्या कुणाचं घर या पट्ट्याबाहेर असेल, काम नियमात बसत असेल, तरी सातबारा आहेच. त्यावर काका, चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या, सगळ्यांची नावं. सामाईक जागेत सहहिस्सेदारांची संमती नसेल तर कामाला हरकत येऊ शकते. आमच्या मते नकाशापेक्षा या सह्या मिळवणं अवघड. गणपतीत सगळे गावी येतात, तेव्हाच गाठावं.

मग ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, लेखी अर्ज. सोबत सातबारा, नमुना 8, संमतीपत्रं आणि जुनं-नवं दाखवणारा नकाशा. “करा हो, काही होत नाही,” या तोंडी उत्तरावर विसंबू नये. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. गवंड्याला ॲडव्हान्स लेखी परवानगी हातात आल्यावर.