गडद वाइसबिअरला गुण देताना

मंडळी, गडद बिअर म्हटली की आपल्या मनात एक चित्र ठरलेलं असतं: जड, कडू, कॉफीच्या अंगाने जाणारी. स्टाउट या काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. आज आपण तपासायला घेतली आहे ती बव्हेरियाची डुंकलेस वाइसबिअर, म्हणजे गव्हाची गडद बिअर. ती या चित्रात बसत नाही. मद्यार्क साधारण ४.३ ते ५.६ टक्के, नेहमीच्या लागरच्या, म्हणजे सर्रास मिळणाऱ्या फिक्या बिअरच्या आसपास. कडूपणा नावापुरता. आणि वायू इतका की भरीव असूनही पहिल्या घोटाला ती हलकीच वाटते.

हा रंग येतो कुठून? जर्मनीत या बिअरमध्ये निदान निम्मं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गव्हाचं असावं लागतं. उरलेल्यात म्युनिक किंवा व्हिएन्ना जातीचं जरा जास्त भाजलेलं बार्लीचं माल्ट येतं आणि पावाच्या खरपूस कडेचा वास प्रामुख्याने त्याच्यामुळे येतो. रंगासाठी मात्र दुसरी सोयही आहे. बाम्बर्गची वायरमान कंपनी भाजलेल्या माल्टपासून ‘सिनामार’ नावाचं काळंभोर द्रव तयार करते. ते थोडंसं घातलं की बिअर गडद होते, चवीत फारसा फरक पडत नाही आणि बिअरमध्ये काय घालावं हे ठरवणारा जर्मन शुद्धता-नियमही मोडत नाही. म्हणजे दोन ग्लास रंगाने सारखे असूनही एकात माल्टचं काम झालेलं असेल आणि दुसऱ्यात नुसता रंग असेल. परीक्षकाने रंगावर फार भरवसा ठेवू नये तो यासाठी.

गुणपत्रिकाही तेच सांगते. १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘बीजेसीपी’ या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची पत्रिका घरगुती बिअरच्या स्पर्धांमध्ये सर्रास वापरतात. एकूण गुण ५०. वासाला १२, दिसण्याला अवघे ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. त्या तीन गुणांतच रंग, गढूळपणा आणि फेस, सगळं आलं. फेस मात्र मी कडक तपासतो. गव्हातल्या प्रथिनांमुळे तो दाट, उंच आणि टिकाऊ असायला हवा. दोन मिनिटांत बसला तर बिअर किंवा ग्लास, दोहोंपैकी काहीतरी बिघडलंय. बहुधा ग्लासच तेलकट असतो, म्हणून आधी ग्लास बदलून बघावा.

जर्मनीतल्या ‘डीएलजी’ या कृषी संस्थेची पद्धत निराळी. तिथे गुण पाचपैकी, आणि दोष शोधून ते कापत जायचे. आपल्या शाळांतल्या पेपर-तपासणीला जवळची ही रीत मला कोरडी वाटते. निर्दोष पण निर्जीव बिअर तिच्यातून सुखरूप पार पडू शकते.

आता वास. ग्लास हातात आला की आधी नाक, कारण जे सगळ्यात मोलाचं आहे तेच आधी उडून जातं. केळं आणि लवंग. या बिअरमध्ये ना केळं घातलेलं असतं, ना लवंग. दोन्ही यीस्टची करामत. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेट नावाच्या एस्टरचा, म्हणजे फळांसारखा वास देणाऱ्या रसायनाचा. लवंगेचा वास फोर-व्हिनाइल ग्वायकॉल या दुसऱ्या रसायनाचा, आणि त्याचा कच्चा माल असतो धान्यातलं फेरुलिक आम्ल. म्हणून काही ब्रूअर माल्ट पाण्यात कालवल्यावर ते मिश्रण सुरुवातीला ४५ अंश सेल्सियसच्या आसपास थोडा वेळ थांबवतात. तिथे हे आम्ल सुटं होतं आणि पुढे यीस्टला लवंगेसाठी खाद्य मिळतं. आंबवण जास्त उबेत झालं की केळं वाढतं. केलहाइमच्या श्नायडर ब्रूअरीत आजही उघड्या टाक्यांत आंबवतात. वर दाब नसला की एस्टर मोकळेपणी तयार होतात.

श्नायडरचं नाव निघालंच आहे, तर इतिहास दोन वाक्यांत उरकतो. १५१६ च्या बव्हेरियन फर्मानात बिअरसाठी बार्ली, हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच मान्य होतं, तरी डेगेनबर्ग घराण्याला गव्हाच्या बिअरची खास सनद मिळाली; १६०२ मध्ये त्या घराण्याचा शेवटचा वारस निपुत्रिक वारला आणि हक्क बव्हेरियाचा ड्यूक माक्सिमिलियन पहिला याच्याकडे आल्यावर त्याने त्यातून खजिना भरला. लोकांना गहू बंद आणि राजाला गहू चालू, असा तो न्याय! पुढे मागणी ओसरली आणि १८७२ साली गेओर्ग श्नायडरने तो हक्क राजघराण्याकडून सोडवून घेतला. त्या जुन्या काळात गव्हाची बिअर बहुधा गडदच असे. आजची फिकी, सोनेरी वाइसबिअर लोकप्रिय झाली ती बरीच नंतर.

चवीकडे वळू. फिक्या वाइसबिअरमध्ये केळं आणि लवंग सरळ समोर उभे असतात. गडद प्रकारात त्यांच्या वाटेत माल्ट येतं. लवंग आधी दबते. केळं मात्र खरपूस माल्टशी जुळवून घेतं आणि दोघं मिळून तिसरीच चव तयार होते, ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या केळ्याच्या केकची. ती सापडली की मी चवीच्या रकान्यात हात सैल सोडतो. करपट चव मात्र चालणार नाही. भाजणी करताना खमंग आणि करपलेलं यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढ्यातच या माल्टला खेळायचं असतं.

आणि इथेच सगळ्यात मोठा फसवा दोष दडलेला आहे: शिळेपणा. फिकी बिअर हवेने बिघडली की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, नवख्यालाही तो कळतो. गडद बिअरमध्ये तोच बिघाड मनुकांचा, शेरीचा, मधाचा वेष घेऊन येतो. घोट घेणारा म्हणतो, “वा, काय माल्ट आहे!” खरं तर ती बाटली जहाजात आणि गोदामात उन्हाळा काढून आलेली असते. मनुकांची छटा वाइत्सेनबॉकसारख्या जोरकस गव्हाच्या बिअरला शोभते, पाच टक्क्यांच्या या गडद वाइसबिअरला नाही. मग ओळखायचं कसं? मनुका शोधू नका, केळं शोधा. साठवणीत आयसोअमाइल अॅसिटेट विघटित होत जातं, लवंगही मागे सरते आणि जिभेवर उरते नुसती गोडी. गोडी भरपूर आणि केळं गायब, असं दिसलं की श्रीमंतीचे गुण देऊ नका. आयात बाटलीवरची तारीख घरी पिताना जरूर बघा. परीक्षेत ती दिसत नाही, म्हणून नाकालाच ती वाचायला लावायची.

ताजेपणाच्या बाबतीत पुण्या-मुंबईचं नशीब बरं आहे. २००९ मध्ये पुण्यात दूलाली ही मायक्रोब्रूअरी, म्हणजे जागच्या जागी बिअर बनवून देणारी छोटी ब्रूअरी, सुरू झाली, पुढे अशा मायक्रोब्रूअरी वाढल्या, आणि हेफेवाइत्सेन, म्हणजे न गाळलेली फिकी वाइसबिअर, त्यांच्या फळ्यावरची नेहमीची झाली. टाकीतून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरला जहाजाचा त्रास नाही. गडद वाइसबिअर क्वचित लागते, आणि लागली तर हाडं गारठतील इतकी थंड देतात. ग्लास तळव्यांत धरून थोडा उबवा. सात-आठ अंशांच्या खाली केळं बोलत नाही.

ओतण्याबद्दल एवढंच: ग्लास आधी पाण्याने ओला करा, तिरपा धरून बाटली सावकाश रिकामी करा, तळाशी थोडी ठेवा, ती हलवून तळाला बसलेल्या यीस्टच्या गाळासकट वर सोडा. परीक्षेत मी गाळ घालण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा वास घेतो. गाळानंतर पावाच्या पिठासारखा वास आला तर ठीक. सोया सॉससारखा आला तर यीस्ट मरून फुटलंय, तिथे गुण कापा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, लिंबाची चकती घालायची का? परीक्षेत नाही. सालीच्या तेलाने फेस मरतो आणि लिंबाच्या वासाखाली लवंग सापडत नाही. घरी ज्याची त्याची मर्जी. आता तुमच्यापुढे दोन ग्लास येतील, एक ताजा आणि एक मुद्दाम उन्हात ठेवलेल्या बाटलीतला. कुठला कुठला ते सांगणार नाही. दोघं-दोघं बसा, पण दोघांचेही आकडे लिहून होईपर्यंत आपसात बोलू नका. सातपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर पुन्हा वास घ्या आणि मग भांडा.