कंबरेच्या वरचंही विचारा की

नमस्कार मंडळी. संध्याकाळची वेळ, कुणी कुकर लावला असेल, कुणी पीएमटीत लटकत असेल, कुणी सिंहगड रोडला अडकून हॉर्न वाजवत असेल, तर हॉर्न जरा राहू द्या आणि दहा-बारा मिनिटं माझं ऐका. मी कोण, तर मी पारलिंगी बाई. कागदावर तृतीयपंथी म्हणतात, सिग्नलला काच वर करता करता लोक अजून काय काय म्हणतात, ते रेडिओवर नको. जन्म पुण्यातला, वाढले पर्वतीच्या पायथ्याला, आणि गेली चौदा वर्षं आमच्याच लोकांमधे आरोग्याचं काम करते, म्हणजे डेऱ्यात, आमच्या गुरू-चेल्या एकत्र राहतात त्या घरात जायचं, स्टेशनला जायचं, बुधवार पेठेत जायचं, गप्पा मारायच्या आणि गप्पा मारता मारता कामाचं बोलून घ्यायचं.

पहिली आठ-नऊ वर्षं हे कामाचं बोलणं एकच होतं. खांद्याला झोळी, झोळीत निरोधची पाकिटं, आणि तोंडात एकच प्रश्न, टेस्ट कधी केलीस गं. त्यात चूक काही नव्हतं हां. २०१७ च्या सरकारी पाहणीत आमच्या लोकांमधे एचआयव्हीचं प्रमाण ३ टक्क्यांच्या वर होतं आणि देशातल्या एकूण मोठ्या माणसांमधे ०.२ टक्क्यांच्या आसपास, मग विचारायलाच पाहिजे ना. पण एकदा काय झालं, मी माझ्या गुरूकडे बसले होते, गुरू म्हणजे आईच म्हणा, आम्ही अम्मा म्हणतो तिला, आणि मी आपली नेहमीची टेप लावली, तर अम्मा बाहेर जाऊन पान थुंकून आली आणि म्हणाली, "दर वेळी येतेस आणि कंबरेखालचंच विचारतेस. माझं डोकं तीन महिने ठणकतंय, त्याचं विचार की कधी."

मला उत्तरच सुचेना. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. आठ-नऊ वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं की झोप लागते का, दात दुखतात का, जिना चढताना दम लागतो का. आमच्या माणसाला जगाने एका अवयवाएवढं करून ठेवलंय, आणि मी आमच्यातलीच असून तेच करत होते!

मग पैसे साठवून सदाशिव पेठेतल्या एका सर्जिकलच्या दुकानातून बीपीचं मशीन घेतलं आणि गेले अम्माकडे. आता बीपी मोजायचं तर आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, मग पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, आणि मोजताना बोलायचं नाही. आमच्या अम्माला पाच मिनिटं गप्प बसवणं म्हणजे मंडईत जाऊन भाव करू नका म्हणण्यासारखं. त्यात तिच्या ब्लाऊजची बाही इतकी घट्ट की पट्टा नीट बसेना, बाही वर सरकवली तर दंड आवळला जातो आणि आकडा चुकतो, शेवटी एका चेलीने ब्लेडने बाहीची शिवण उसवली, अम्मा आधी शिव्या घालत होती मग हसत सुटली, मग परत पाच मिनिटं थांबलो. पट्टा फुगला, सुटला, आणि आकडा आला १९२ वर ११०. मी परत मोजलं, १८८. १४० वर ९० च्या पुढे सारखं राहायला लागलं की औषधाचा विचार करावा लागतो, हे तर कुठल्या कुठे गेलेलं. अम्मा म्हणे मशीन खोटं बोलतंय, हातात बांगड्या आहेत म्हणून. अगं बांगड्यांचा काय संबंध, पट्टा दंडाला आहे.

खरी गोष्ट नंतर कळली. अम्मा त्याआधीच एकदा डॉक्टरकडे गेली होती. एका मोठ्या दवाखान्यात, नाव घेत नाही. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं स्त्री की पुरुष, ती म्हणाली दिसते तशी लिही बाबा, खिडकीतला हसला, शेजारच्याला बोलावून दाखवलं. मग बाकड्यावर बसली तर बाकडं रिकामं झालं. तास-दीड तासाने माईकवरून आधारकार्डावरचं जुनं नाव पुकारलं, बाप्याचं नाव, आणि साडीतली अम्मा उठून उभी राहिली तेव्हा अख्खा पॅसेज बघत होता. डॉक्टरनी हात न लावता गोळ्या लिहून दिल्या. तिने महिनाभर घेतल्या, डोकं थांबलं, गोळ्या बंद केल्या, कारण परत आणायच्या म्हणजे परत ती खिडकी आणि परत तो माईक. तेव्हा दवाखान्यात बसलेल्या कुणी ऐकत असाल तर फार काही नको, नावाऐवजी टोकन नंबर पुकारा, आणि पुकारायच्या आधी हळूच विचारा, काय नावाने हाक मारू. दहा सेकंदाचं काम आहे. कायद्याचं म्हणाल तर १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नाल्सा केसमधे आम्हाला तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली, २०१९ च्या कायद्यात तर डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात आमचा विषय यावा इथपर्यंत लिहिलंय, पण कायदा त्या खिडकीपर्यंत चालत जायला वेळ लागतो, आणि बीपी काही थांबत नाही. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा कळतच नाही, अम्माचं डोकं दुखलं म्हणून निदान पत्ता लागला, नाहीतर आतल्या आत किडनी जाते, किंवा एके सकाळी तोंड वाकडं होतं. म्हणून गोळी चालू असताना आकडा बरोबर आला की समजायचं गोळी काम करतेय, बंद करायची नसते.

आता आमच्या पोरींसाठी जरा उघड बोलते, बाकीच्यांनी पण ऐका, लाजू नका.

पाणी प्या गं. मला माहितीये का पीत नाही ते. सकाळी आठला मागती करायला, म्हणजे पैसे मागायला बाहेर पडलेली पोरगी दुपारी तीनपर्यंत लघवीला जात नाही, कारण बायकांच्या बाथरूममधे गेलं तर बायका ओरडतात, बाप्यांच्या गेलं तर तिथे काय होतं ते सांगायला नको. मग काय, पाणीच प्यायचं नाही. मे महिन्यात स्वारगेटच्या सिग्नलला डांबर चपलेला चिकटतंय आणि पोरगी सहा तासांत अर्धी बाटली पाणी पिते. त्यातून लघवीची जळजळ, इन्फेक्शन, खडा. आणि ज्यांचं निर्वाण झालंय, म्हणजे खालचा भाग कापून काढलाय, त्यातही जे दाईकडून किंवा कुठल्यातरी खोलीत करून घेतलेलं, त्यांचा लघवीचा मार्ग जखम भरताना आक्रसत जातो. धार बारीक झाली, दोन फाटे फुटले, जोर करावा लागतोय, थेंब थेंब येतंय, असं काही असेल तर ते वयामुळे नाही हो, युरॉलॉजीवाल्या डॉक्टरला दाखवायचं, मार्ग रुंद करता येतो. लघवी तुंबून राहिली तर किडनीवर दाब जातो. एकीने हे चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं ते पण लाईट गेली होती तेव्हा अंधारात.

हार्मोन्सचं पण तसंच. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणायची आणि रोज तीन-तीन चार-चार घ्यायच्या, का तर छाती लवकर येईल म्हणून. मी पण घेतल्यात, खोटं कशाला बोलू. बहुतेक पाकिटांत जे इस्ट्रोजेन असतं त्याने रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, वर सिगरेट असेल तर अजूनच. एका पोटरीला सूज आली, दुखतेय, गरम लागतेय, किंवा अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर त्याच वेळी कॅज्युअल्टी गाठायची, सकाळची वाट बघायची नाही, आणि तिथे लपवायचं नाही काय गोळ्या घेतो ते. डॉक्टर देतात ते इस्ट्रोजेन वेगळ्या प्रकारचं असतं, शिवाय ते अधूनमधून रक्त तपासतात, लिव्हर बघतात, पोटॅशियम बघतात. तिप्पट गोळी खाल्ली म्हणून तिप्पट वेगाने काही होत नसतं, शरीर आपल्या चालीने चालतं.

आणि आमची मुलं, म्हणजे ट्रान्समेन, जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंदलेली पण पुरुष असलेली, त्यांना तर सगळेच विसरतात, मी पण विसरायचे. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने रक्त घट्ट होऊ शकतं म्हणून हिमोग्लोबिन तपासत राहायचं. छाती दाबायला क्रेप बँडेज गुंडाळू नका, ते श्वासाबरोबर आवळत जातं, बरगड्या दुखतात, नीट मापाचा बायंडर, म्हणजे छाती सपाट दिसण्यासाठीच शिवलेली बंडी घ्या आणि झोपताना काढा. पाळी बंद झाली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं पण नाही, राहू शकतात. गर्भाशयाचं तोंड आहे तर त्याची तपासणी पण आहे. एक मुलगा कॉलेजातला, दाढी आलेली छान, मला म्हणाला ताई मी गायनॅकच्या बाहेर त्या बायकांमधे कसा बसू. काय उत्तर देणार? मी म्हटलं मी येते, माझ्याकडे बघण्यात लोक इतके गुंततील की तुझ्याकडे कुणी बघणारच नाही. आणि तसंच झालं!

अजून एक बारीकशी गोष्ट, पण मला फार महत्त्वाची वाटते. चिमटा. दुपारच्या वेळी डेऱ्यात जा, चार जणी मांडीवर आरसा घेऊन हनुवटीचे केस उपटत बसलेल्या असतात, गप्पा चाललेल्या असतात, आणि चिमटा एकच, हातोहात फिरतोय. टोकाला रक्ताचा ठिपका लागतो, पदराला पुसला की पुढची घेते. त्यातून कावीळ बी, म्हणजे हिपॅटायटिस बी जाऊ शकते, ती सुकलेल्या रक्तात पण आठवडाभर टिकते. चिमटा ज्याचा त्याचा, वस्तरा ज्याचा त्याचा. कावीळ बीची लस आहे, तीन डोस, पहिला, मग महिन्याने, मग सहा महिन्यांनी. दोन घेऊन तिसऱ्याला गावच्या जत्रेला जायचं असं आमच्यात फार होतं, तसं नको.

एचआयव्हीचं मी सोडून नाही दिलंय, थोडक्यात सांगते. औषध सरकारी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर फुकट मिळतं, २००४ पासून. रोज घेतलं आणि व्हायरस तपासणीत सापडेनासा झाला, तसाच राहिला, तर संबंधातून पुढे जात नाही. कंडोम फाटला, कुणी जबरदस्ती केली, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचायचं, जितकं लवकर तितकं बरं, २८ दिवसांचा कोर्स असतो. एड्सच्या हेल्पलाईनचा नंबर १०९७, फुकट आहे.

आता मनाचं. आमच्यात रडायला परवानगी नसते बघा, टाळी वाजवायला असते. घरच्यांनी टाकलेलं असतं, दिवाळीला मोबाईल हातात धरून बसतात की आईचा फोन येईल. काही घरचे तर डॉक्टरकडे नेतात बरं करायला, मांत्रिकाकडे पण नेतात. ऐका, जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, त्यात आमचं असणं मानसिक आजारातून काढून टाकलंय. आम्ही असणं हा आजार नाही, पण आम्हाला डिप्रेशन येऊ शकतं, जसं तुम्हाला येतं, आणि त्यावर औषध आहे. टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, तिचा नंबर १४४१६, रात्री पण चालतो, मराठीत बोलता येतं. मी स्वतः केलाय फोन. मागच्या गणपतीत, ढोल वाजत होते बाहेर, पलीकडची बाई म्हणाली आवाज फार येतोय, मी थांबते, तुम्ही आत जाऊन बोला. थांबली ती. मला वाटलं होतं ठेवून देईल.

पैशाचं म्हणाल तर आयुष्मानमधे आमच्यासाठी टीजी प्लस म्हणून योजना आहे, २०२२ च्या ऑगस्टमधे करार झाला, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आणि त्यात सर्जरी, हार्मोन्स पण, त्याला तृतीयपंथी असल्याचं सरकारी ओळखपत्र लागतं, म्हणून कागद करून ठेवा. पण नुसत्या योजनेने होत नाही, बोलणारं माणूस लागतं. पुण्यात मित्र क्लिनिक होतं, खास आमच्या लोकांसाठीचं, हैदराबाद, कल्याण आणि पुणे अशी तीन होती, अमेरिकेच्या मदतीवर चालायची. जानेवारी २०२५ मधे तिकडे पैसे थांबले आणि इकडे कुलूप. मला राग येतो, अमेरिकेचा कमी आणि आपला जास्त, एवढं मोठं शहर, गल्लोगल्ली हॉस्पिटलं, आणि आमच्या हार्मोन्सची गोळी वॉशिंग्टनच्या सहीवर अवलंबून.

अम्माचं विचाराल तर आता १३८ वर ८६ आहे, परवाच मोजलं. खाली मोबाईलच्या दुकानातल्या पोराकडून वही आणवलीय, लिहिता येत नाही म्हणून आकडे चेल्या लिहितात, ती नुसती पान उलटून बघते. मशीन माझ्याकडे राहिलंच नाही, तिनेच ठेवून घेतलं, आणि आता डेऱ्यात कुणी पाया पडायला आलं की आशीर्वादाच्या आधी म्हणते, दंड इकडे कर. बाही घट्ट असेल तर ब्लेड घेऊन तीच बसते.

चला, उठते मी. उद्या सकाळी माझीच फास्टिंग शुगर द्यायचीय, आत्ता पटकन जेवून घेते, नंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि इथल्या पोराने समोर चहा आणून ठेवलाय, तो तेवढा पिते आणि निघते.