पाडून पाहिलं, पण कसं पाडलं?

मंडळी, हातात धरून वापरायच्या रग्ड, म्हणजे दणकट बांधणीच्या, संगणकांचं (हँडहेल्डचं) टेंडर निघालं की त्यात एक ओळ हमखास असते: 'उपकरण एमआयएल-एसटीडी-८१० प्रमाणित असावे.' तिच्याखाली दुसरी: 'आयपी ६७ असावे,' म्हणजे धूळ आणि पाणी आत जाऊ न देणारं. एवढं लिहिलं की मजबुतीचा विषय संपला, असं खरेदी विभागाला वाटतं. उपकरणं पाडणं, बुडवणं, तापवणं हेच माझं प्रयोगशाळेतलं काम. त्या कामाच्या आधारावर सांगतो, या दोन ओळींत खरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. तो प्रश्न असा: जो नग पाडला, तोच नंतर पाण्यात घातला का?

त्याकडे येण्याआधी पहिली ओळ नीट पाहू. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचं मानक आहे. ते पहिल्यांदा १९६२ साली आलं, 'जी' आवृत्ती २००८ मध्ये आली आणि 'एच' २०१९ मध्ये. हे मानक कुणाला प्रमाणपत्र देत नाही. अमेरिकेचं लष्कर बाजारातल्या हँडहेल्डवर शिक्का मारत बसत नाही. त्यात आहेत त्या चाचणीच्या पद्धती, आणि प्रत्येक पद्धतीला क्रमांक आहे. ५०१ म्हणजे उष्णता, ५०६ पाऊस, ५०९ खारी हवा, ५१० वाळू आणि धूळ, ५१४ कंपनं, ५१६ धक्का. उपकरण कोण, कुठे, कसं वापरणार ते आधी बघा आणि त्याप्रमाणे चाचणी बेता, हा या मानकाचा गाभा आहे. तेव्हा '८१० पास' एवढंच छापलेलं असेल आणि कुठली पद्धत, किती उंची, किती तापमान, किती नग यातलं काहीच दिलेलं नसेल, तर त्या छापील ओळीतून तुमच्या हाती काही पडत नाही.

आता पाडण्याची चाचणी. पद्धत ५१६ मध्ये 'ट्रान्झिट ड्रॉप' नावाची प्रक्रिया आहे. हातात मावणाऱ्या उपकरणासाठी उंची १२२ सेंटिमीटर, म्हणजे ४ फूट. एकूण २६ वेळा पाडायचं: ६ बाजूंवर, १२ कडांवर, ८ कोपऱ्यांवर. 'जी' आवृत्तीप्रमाणे खाली २ इंच जाडीचं प्लायवूड आणि त्याच्याखाली काँक्रीट. आता यातली मेख बघा. हे २६ ड्रॉप ५ नगांपर्यंत वाटून घ्यायची मुभा मानकानेच दिली आहे. म्हणजे एकेका नगाच्या वाट्याला पाच-सहा आपटे येतात. अहवालावर '२६ ड्रॉप पास' असं येतं आणि ते शब्दशः खरंही असतं. वाचणारा मात्र धरून चालतो की एकाच मशीनने २६ वेळा मार खाल्ला आणि तरी ते चालू राहिलं.

पडताना नेमकं काय होतं, त्याचं थोडं गणित करू. १.२ मीटरवरून सुटलेलं मशीन जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण १७ किलोमीटर असतो. ऐकायला किरकोळ वाटतो. पण थांबायला त्याला अंतर किती मिळतं? कठीण फरशीवर समजा २ मिलिमीटर. मग १२०० भागिले २, म्हणजे सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट झटका, आणि तोही एका मिलिसेकंदाच्या आत. कोपऱ्याला रबराचं बंपर असेल आणि ते ४ मिलिमीटर दबलं, तर तोच झटका ३०० पटीवर येतो. रग्ड मशीनचे कोपरे जाडजूड असतात ते यासाठी. ते २ मिलिमीटर रबर काढून मशीन सडपातळ करण्याचा आग्रह कुणी धरला, तर त्याला हा हिशोब दाखवा.

हाय-स्पीड कॅमेऱ्यावर पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. मशीन एका कोपऱ्यावर टेकतं, तिथून गरकन फिरतं आणि त्याचं दुसरं टोक जमिनीवर आदळतं. हा दुसरा आपटा पहिल्यापेक्षा जोराचा असू शकतो. त्यामुळे आपण कोपऱ्याला पुरेसं रबर दिलं म्हणून समाधान मानतो आणि काच फुटते ती पलीकडच्या टोकाला. आतल्या सर्किट बोर्डाचं दुखणं आणखी वेगळं. पडताना बोर्ड वाकतो आणि मोठ्या चिपांखालचे सोल्डरचे बारीक गोळे ताणले जातात. युरोपात २००६ पासून शिशावर निर्बंध आले, उद्योग बिनशिशाच्या सोल्डरकडे वळला, आणि कथील-चांदी-तांब्याचं हे सोल्डर जुन्यापेक्षा ताठ असतं. धक्क्याने त्याला तडा गेला तरी बाहेरून काही दिसत नाही. मशीन तेव्हा चालू असतं, आणि पुढे कधीतरी गरम झाल्यावर मधूनच बंद पडायला लागतं. पडल्यानंतर लगेच सुरू झालं, म्हणून 'पास' लिहून मोकळं होणं मला त्यामुळेच पटत नाही.

आणि पास म्हणजे तरी काय? पाडताना मशीन चालू होतं की बंद? काचेला बारीक तडा चालतो का? पडल्यावर मशीन आपोआप रीस्टार्ट झालं तर ते पास धरायचं की नापास? हे सगळं चाचणीच्या आराखड्यात आधी लिहावं लागतं. रीस्टार्टचं कारण बहुतेक वेळा फार साधं असतं. धक्क्याने बॅटरी क्षणभर तिच्या स्प्रिंगच्या टोकांपासून सुटते आणि वीज तुटते. मशीनला काहीच इजा होत नाही, पण तेव्हा लिहिली जात असलेली नोंद जाते.

ही नोंद जाण्याची किंमत एसटीच्या कंडक्टरला विचारावी. तिकिटाच्या मशीनबद्दल बोलताना एका कंडक्टरने मला सांगितलं होतं, "साहेब, मशीन फुटलं तर फुटलं, ट्रे काढून तिकिटं फाडता येतात. पण मधेच बंद पडून हिशोब गेला, तर वेबिल जुळवायचं कशावर?" (वेबिल म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद.) मशीन पडतं कुठे, तेही त्यानेच सांगितलं. हातातून सरळ खाली पडणं कमीच. गाडीने ब्रेक मारला की ते दांड्यावर आपटतं, गर्दीतून उतरताना पायरीच्या लोखंडी कडेला लागतं, पट्ट्याला लटकून दिवसभर सीटच्या फ्रेमवर ठोके खात राहतं. उंची कमी, पण ठोक्यांना मोजदाद नाही.

अशा वापरासाठी टंबल चाचणी आहे. लांबट पिंपासारखा एक ड्रम असतो. त्यात मशीन टाकायचं आणि ड्रम फिरवायचा. प्रत्येक फेरीत ते दोन वेळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडच्या पोलादी पत्र्यावर पडतं. अर्धा मीटर किंवा एक मीटर उंची, मिनिटाला साधारण १० आपटे. आयईसी ६००६८ या मालिकेत ही पद्धत आहे. चांगल्या बनावटीच्या हँडहेल्डच्या डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, एक मीटरचे हजार किंवा त्याहून जास्त टंबल लिहिलेले सापडतात. मला विचाराल तर चार फुटांवरच्या २६ आपट्यांपेक्षा हा आकडा कंडक्टर, मीटर रीडर किंवा गोदामातल्या माणसाच्या जास्त कामाचा आहे. स्क्रू सैल होणं, बॅटरीचं झाकण सुटणं, कीपॅडखालची रिबन केबल कनेक्टरमधून सरकणं, हे आजार ड्रममध्ये उघडे पडतात. सरळ पाडण्याच्या चाचणीत ते सहसा दिसत नाहीत.

धुळीबद्दल थोडक्यात. आयपी कोड आयईसी ६०५२९ या मानकातून येतो आणि त्यातला पहिला आकडा धुळीचा. '६' साठी मशीन टाल्कम पावडर उडवणाऱ्या कपाटात ठेवतात, आतली हवा किंचित खेचून घेतात आणि मग उघडून पाहतात. आत पावडरचा मागमूस असता कामा नये. चाचणी चांगली आहे. पण टाल्क हे सगळ्यात मऊ खनिजांपैकी एक, आणि आपल्या खाणीतली, बांधकामावरची धूळ क्वार्ट्‌झची, काचेवर ओरखडा काढणारी. ती बटणांच्या कडांना बसते आणि दर दाबाबरोबर रबर घासत राहते. त्यासाठी पद्धत ५१० मधली वाळूची चाचणी वेगळी मागावी लागते.

आता पाणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे. आयपी ६७ मधला '७' म्हणजे एक मीटर पाण्याखाली ३० मिनिटं. हा '७' मिळाला म्हणून पाण्याचा फवारा सोसेल असं नाही, कारण फवाऱ्याचे ५ आणि ६ हे आकडे वेगळ्या चाचणीचे आहेत आणि ते वेगळे लिहावे लागतात. पण त्याहून महत्त्वाची एक अट मानकात आहे आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: चाचणीच्या पाण्याचं आणि उपकरणाचं तापमान यात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. चाचणी कुठेही केली तरी उत्तर सारखं यावं, म्हणून ही अट रास्तच आहे. पण आपल्या वापरात काय होतं ते पाहा.

मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं मशीन सहज ५५ अंशांवर पोचतं. वळवाची सर येते, माणूस घाईने उतरतो, मशीन निसटतं आणि २५ अंशांच्या पाण्याच्या डबक्यात पडतं. आतली कोंडलेली हवा ५५ वरून २५ अंशांवर आली की तिचा दाब साधारण ९ टक्क्यांनी घटतो. म्हणजे ९ किलोपास्कलच्या आसपास. पाण्याच्या भाषेत हे ९० सेंटिमीटरहून जास्त खोलीइतकं झालं. डबकं चार बोटं खोल असलं तरी गॅस्केटवरचा, म्हणजे झाकणाची फट बंद करणाऱ्या रबरी पट्टीवरचा, दाबातला फरक जवळजवळ मीटरभर पाण्याखाली असल्याइतका होऊ शकतो, कारण मशीन स्वतःच पाणी आत ओढायला लागतं. दाब सारखा करायला बऱ्याच मशीनमध्ये हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा पडदा बसवलेला असतो. पण मशीन पाण्यात असताना त्या पडद्यावरही पाणीच असतं, तिथून हवा कुठून येणार? तेव्हा विदर्भासाठी घेत असाल तर मशीन तापवून मग बुडवायला सांगा. प्रयोगशाळा हे करते, फक्त मागणाऱ्याने ते लिहून द्यावं लागतं.

आणि आता तो पहिला प्रश्न. बहुतेक वेळा ड्रॉपचे नग वेगळे असतात, पाण्याचे वेगळे, धुळीचे वेगळे, आणि सगळे कोरे. कोऱ्या मशीनचं गॅस्केट नीट खाचेत बसलेलं असतं, स्क्रू हवे तेवढे आवळलेले असतात. तेच मशीन दहा-बारा वेळा आपटू द्या आणि मग उघडून पाहा. स्क्रू ज्यात बसतो त्या प्लास्टिकच्या नळीला मुळाशी केसासारखी चीर गेलेली असते. स्क्रू वरून घट्ट वाटतो, पण खालून त्याची पकड गेलेली असते. झाकण तिथे अगदी कागदाच्या जाडीएवढं उचललेलं असतं आणि गॅस्केटवर शाईच्या रेघेसारखा दाबाचा जो सलग ठसा हवा, तो त्या कोपऱ्यात तुटलेला असतो. पाणी आत शिरतं ते तिथून. मशीन अजून चालत असतं, बाहेरून धड दिसत असतं, आणि डेटाशीटवर आयपी ६७ कायम असतं. पहिल्या जोरदार पावसापर्यंत कुणाला काही कळत नाही.

प्लास्टिकचंही असंच. पॉलिकार्बोनेट मार खायला उत्तम, पण काही रसायनांपुढे ते हरतं. कोविडच्या काळात रुग्णालयांत हँडहेल्ड दिवसातून अनेकदा जंतुनाशकाने पुसले जात. जिथे प्लास्टिकवर आधीच ताण असतो, म्हणजे स्क्रूभोवती आणि कोपऱ्यांत, तिथे अशा पुसण्याने बारीक भेगा पडू शकतात. असं मशीन मग कमरेच्या उंचीवरून पडलं तरी तुकडा निघतो. म्हणजे इथेही क्रम आला: आधी पुसा, मग पाडा.

उत्पादकांची बाजूही सांगायला हवी. एकाच नगावर ओळीने चाचण्या घ्यायच्या तर वेळ लागतो, नापास झाल्यावर दोष कुठल्या टप्प्यावर आला ते शोधणं कठीण जातं आणि खर्च वाढतो. हे सगळं खरं आहे. शिवाय प्रत्येकाला सगळंच लागत नाही. शीतगृहात वापरायचं असेल तर उणे २० अंशांवर पाडून पाहा, कारण थंडीत प्लास्टिक आणि रबर दोन्ही कडक होतात. तिथे चंद्रपूरच्या उन्हाचा काही संबंध नाही. रत्नागिरीच्या मासळी बंदरावर वापरायचं असेल तर पद्धत ५०९ प्रमाणे ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात ठेवा, आणि त्यानंतर चार्जिंगची पितळी टोकं नीट लागतात का ते तपासा. मशीन धडधाकट आणि चार्जच होत नाही, ही किनाऱ्यावरची नेहमीची तक्रार आहे.

मघाशी समोरून कुणीतरी विचारलं की टेंडरमध्ये नेमकं लिहायचं काय. माझी शिफारस अशी. किमान तीन नग घ्या आणि प्रत्येक नगावर हाच क्रम चालवा: आधी ५५ अंशांवर काही तास, मग पोलादी पत्र्यावर टंबल, मग तुमच्या वापराच्या उंचीवरून काँक्रीटवर ड्रॉप, मशीन चालू ठेवून आणि नोंद लिहिली जात असताना. त्यानंतर तेच नग, काही दुरुस्ती न करता, धुळीत आणि पाण्यात. नोंद गेली तर नापास. अहवालात प्रत्येक आपट्यानंतरचा फोटो आणि शेवटी उघडलेल्या मशीनचा फोटो मागा. पुरवठादार '२६ ड्रॉप' म्हणाला तर किती नगांवर, ते लेखी घ्या.

आणि मशीन वापरात गेल्यावर, दुरुस्तीला परत आलेली पहिली काही मशीन भंगारात टाकू नका. प्रत्येकाला चिठ्ठी लावा: कोणाकडे होतं, कुठल्या डेपोत किंवा कुठल्या तालुक्यात, कसं पडलं, पाऊस होता का. मग ती चाचणी करणाऱ्याकडे पाठवा. पुढच्या खरेदीत टंबल किती मागायचे आणि उंची किती ठेवायची, ते त्या मशीन उघडून ठरवता येतं.