मामांची गाडी सौंसरला अटकली आहे

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही, दर रविवारी मोठ्या मामांना भेटायला केअर होममध्ये जाणारा भाचा आहे, तर तेवढंच सांगतो. मामा नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेवर, गार्ड होते. अल्झायमर झाला, रात्री-बेरात्री दार उघडून ड्युटीवर निघायचे, एकट्या मामींना ते झेपेना.

सुरुवातीला माझी एक चूक झाली आणि ती अजून मनाला लागते. मामा विचारायचे, गाडी किती लेट आहे? मी सांगायचो, मामा, ती नॅरोगेज २०१५ लाच बंद झाली ना, आता ब्रॉडगेज आहे. चेहरा असा उतरायचा की पाहवत नव्हतं. दहा मिनिटांनी परत तोच प्रश्न, परत मी तेच सांगणार, आणि त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी ताजीच. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नवीन गोष्टी तिथे पक्क्या होतात, या आजारात तोच लवकर बिघडतो. म्हणून सकाळचे पोहे खाल्लेले आठवत नाहीत आणि पन्नास वर्षांपूर्वीचं रामाकोना स्टेशन लख्ख आठवतं. यात त्यांचा हट्ट नसतो हो.

मग एका रविवारी मी म्हटलं, मामा, गाडी सौंसरला अटकली आहे. मामांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हैस आडवी आली असन. नॅरोगेज पाहून म्हशी बी उठत नाई बाप्पा!" आणि असे हसले, असे हसले की कवळी हातानं सावरावी लागली, मामी पदरानं डोळे पुसत हसून राहिल्या होत्या, किती महिन्यांनी हसल्या असतील त्या.

२०१४ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना हसवणाऱ्या आणि रडवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिलं ते बरेच जण लगेच विसरले, पण ती भावना अर्ध्या तासापर्यंत टिकून होती. म्हणजे म्हैस विसरली तरी मामांचं दुपारचं जेवण नीट होतं, हे मी स्वतः पाहतो. आता जेवायच्या टेबलावर ते हिरवा नॅपकिन हलवतात, तेव्हाच सगळे आजोबा घास उचलतात, आणि वाढणाऱ्या ताई तोंडानं शिट्टी देतात.

पण एकदा एका नातेवाइकानं याच नॅपकिनचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली हसण्याच्या स्मायली. मला फार राग आला, मी तो डिलीट करायला लावला. ताई मामांच्या गाडीत बसून हसतात, तो माणूस बाहेर उभा राहून मामांना हसत होता. आणि एक, संध्याकाळी या लोकांची घालमेल वाढते, तेव्हा गंमत करायला जाऊ नका, नुसता हात धरून बसा.

मागच्या रविवारी मामांनी मला विचारलं, तुमी कोन? म्हटलं, भाचा तुमचा. त्यांनी गुडघ्याएवढा हात धरून दाखवला, "माह्या भाचा तं एवढासाक आहे." मग जवळ सरकून हळूच म्हणाले, "तुमाले भेटला तं सांगजा त्याले, मामा गार्डाच्या डब्यात बसवनार हाय."

सांगतो म्हटलं.