जुनी पिकअप घ्यायची आहे? इंजिन राहू द्या, आधी गाडीखाली जा

नमस्कार मंडळी. जुन्या पिकअप गाड्या विकत घेऊन त्या पुन्हा उभ्या करण्याविषयी तुम्ही मला जे प्रश्न पाठवता, त्यांतील बहुतेक इंजिनाविषयी असतात. जाम झालेले इंजिन सुटते का, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवावे का, पिस्टन आता कुठे मिळतात. हे सगळे प्रश्न रास्त आहेत, फक्त ते पहिले प्रश्न नव्हेत. इंजिन उतरवता येते, हिंगणा एमआयडीसीतील एखाद्या लेथवर नेऊन त्याचे बोअरिंग करून घेता येते आणि क्रँक घासून घेता येते. अगदीच हाताबाहेर गेले, तर त्याच जातीचे दुसरे इंजिन शोधता येते. चेसिसचे, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याचे, तसे नाही. ती गेली की गाडी गेली, म्हणून आजचा संपूर्ण व्हिडिओ चेसिसविषयी आहे.

आपल्याकडे कोणत्या गाड्या मिळतात, हे आधी उरकून घेऊ. महिंद्राच्या जीपवर बांधलेल्या पिकअप अजूनही बऱ्यापैकी सापडतात, आणि ज्यांत चालक इंजिनाच्या वरच बसतो त्या एफसी-१५० आणि एफसी-१६० क्वचित दिसतात. जबलपूरच्या वाहन निर्माणीत तयार झालेली जोंगा ही लष्करी जीप आणि तिची भावंडे असलेल्या निस्सान बनावटीच्या एक टनी गाड्या लष्कराच्या लिलावांतून बाहेर आल्या आणि जबलपूर जवळ असल्याने नागपुरातही पोहोचल्या. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीने बनवलेल्या डॉज आणि फार्गो किंवा त्याहून जुनी शेवरले मिळाली, तर ते नशीब समजावे. टाटा ४०७ विषयी अनेकांनी विचारले आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

बाकीच्या प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत. बंद पडलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नये. प्लग काढून सिलेंडरमध्ये तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. ब्रेकचे रबरी भाग एकूण एक बदलावेत, जुन्या टायरवर विश्वास ठेवू नये आणि वायरिंग नवे करावे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करते, त्यामुळे त्या जागी इथेनॉल सोसणारे सुटे भाग घालावेत. मे महिन्यात नागपुरी उन्हात गाडी सिग्नलवर बंद पडली, तर कार्ब्युरेटर उघडत बसण्याआधी पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या किती जवळून गेली आहे ते पाहावे, कारण नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. एवढे पुरे.

आता चेसिस. पिकअपची चेसिस म्हणजे सी आकाराचे दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे चॅनेल, बहुधा रिव्हेट ठोकून पक्के केलेले. केबिन, हौदा, इंजिन आणि कमानपाटे, सगळे तिच्यावरच बसते. सी चॅनेलची आतली बाजू उघडी असते आणि विदर्भातील गाड्यांचा खरा घात तिथेच होतो. आपली काळी माती पावसाळ्यात चिकटते, चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात ठासून बसते, उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होते आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा ओल धरते. चाकांवरून धुतला जातो तो चिखल बाहेरचा, आतला गोळा वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि त्याच्या मागचे पोलाद बाहेरून अजिबात न कळता खाल्ले जाते.

काटोलकडील एका संत्रा बागायतदाराची पिकअप पाहायला मी गेलो होतो. बाहेरून गाडी उत्तम होती, दरवाजे नीट बंद होत होते, इंजिनही पहिल्या दमात सुरू झाले. मी मागच्या कमानपाट्याच्या हँगरपाशी, म्हणजे कमानपाटा चेसिसला जिथे टांगलेला असतो तिथे, आडवा झालो आणि चॅनेलच्या आतल्या मातीच्या ढेपेत पेचकस घातला. ढेप अख्खी सुटली आणि तिला चिकटून पोलादाचा तळहाताएवढा पापुद्रा आला, एका बाजूने तांबूस आणि दुसऱ्या बाजूने काळा, आणि बोटांत धरताच त्याचे तीन थर वेगळे झाले. तेवढ्या भागात चॅनेलची जाडी निम्मीही उरली नव्हती. मालक गृहस्थ मनाने स्वच्छ होते. त्यांनाही हे माहीत नव्हते, कारण तिथे कोणी कधी पाहिलेच नव्हते.

तुम्हीही असेच पाहा. गाडीखाली जाताना ती नुसत्या जॅकवर ठेवू नका, भक्कम स्टँड लावा. मडके जसे वाजवून घेतात, तशी चेसिस लहान हातोडीने टोकापासून टोकापर्यंत वाजवत न्या. पोलाद शाबूत असेल तिथे आवाज खणखणीत येतो आणि गंजलेल्या जागी बद्द येतो. हँगरजवळ, केबिन ज्यांवर बसते त्या रबरी बुशांखाली, मागच्या आसाच्या वरच्या वळणावर आणि विशेषतः केबिन व हौदा यांच्या मधल्या भागात सावकाश वाजवा, कारण जास्त ओझे लादलेल्या गाडीची चेसिस बहुधा याच मधल्या जागी वाकते किंवा तडकते. आपल्याकडील पिकअपने रेती, कापूस, संत्री, कोळसा असे काय काय वाहिलेले असते आणि हौद्यात किती टन टाकावे याचा विचार त्या काळात फारसा कोणी करत नसे.

इथे माझी जुनी तक्रार मांडतो. विक्रीला काढलेल्या गाडीच्या चेसिसला नुकताच चकचकीत काळा रंग दिलेला असेल, तर तो गुण मानू नका. असाच काळा रंग दिलेली एक गाडी माझ्या ओळखीतील एका गृहस्थाने शहरातील एका विक्रेत्याकडून घेतली. रंग खरवडल्यावर आतून पातळ पत्र्याचे ठिगळ निघाले, ठिगळाखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली भोक. पुट्टी दरवाज्याच्या पोचेला चालते, ज्या चॅनेलवर गाडीचे सगळे वजन आहे तिथे ती भरणे ही फसवणूक आहे. मागील व्हिडिओखाली एकाने लिहिले होते की, मी उगाच घाबरवतो, त्याच्या काकांची गाडी अशाच ठिगळावर अनेक वर्षे चालली. ती चालली असेल, मला शंका नाही. शेतापासून गावापर्यंत सावकाश जाणारी गाडी चालते, पण तीच गाडी तुम्ही रंगवून, नवे टायर घालून वर्धा रोडवर ताशी ८० किलोमीटरने नेणार आहात, आणि ते काकांनी कधी केले नव्हते.

गंजलेला भाग बदलता येतो, पण कुठल्याही ग्रिल बनवणाऱ्या वेल्डरकडून नव्हे. खराब पोलाद चांगले लागेपर्यंत कापून काढावे आणि त्याच जाडीची पट्टी घालावी. वरून जोडपट्टी द्यायची असेल, तर तिची टोके सरळ उभी न कापता तिरपी कापावीत, कारण सरळ उभ्या वेल्डच्या कडेला सगळा ताण एकवटतो आणि पुढचा तडा नेमका तिथेच जातो. चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोके पाडू नयेत, पाडायचीच असली तर मधल्या उभ्या भागात पाडावीत.

पोलाद शाबूत निघाले, तरी चेसिस सरळ आहे का हे पाहणे राहतेच, आणि हीच पायरी सर्वांत जास्त लोक गाळतात. त्यासाठी लेझर लागत नाही. गवंड्याकडचा ओळंबा, खडू आणि पोलादी टेप एवढेच लागते. सपाट फरशीवर गाडी चारही स्टँडवर सारख्या उंचीला घ्या. पुढच्या कमानपाट्याच्या पिनेपासून, मागच्या पिनेपासून आणि मधल्या दोन आडव्या चॅनेलच्या सारख्या भोकांपासून दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडा आणि जिथे तो टेकेल तिथे खडूने फुली करा. मग गाडी बाजूला घ्या. फरशीवरच्या फुल्यांची कर्णाकर्णी मापे घ्या, म्हणजे पुढची डावी ते मागची उजवी आणि पुढची उजवी ते मागची डावी. दोन्ही कर्ण सारखे हवेत. दोन-चार मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, दहाच्या वर गेला की गाडीने कधीतरी मोठा मार खाल्ला आहे असे समजतो. अशी गाडी सरळ रस्त्यावरही तिरपी चालते, टायर एका बाजूने खाते आणि दरवाज्याची फट काही केल्या जुळत नाही. मग दोष बिचाऱ्या डेंटरला दिला जातो आणि तो तोच दरवाजा पुन्हा पुन्हा ठोकत बसतो.

केबिन उतरवणार असाल, तर उतरवण्याआधी दोन्ही दरवाज्यांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घ्या. तळ गंजलेली केबिन उचलताच वाकते आणि पुन्हा बसवताना पहिल्या जागी येत नाही. तळाचा पत्रा बदलायचा तर केबिन चेसिसवर बोल्टने बसलेली असतानाच बदला आणि प्रत्येक टप्प्यावर दरवाजा लावून फट पाहा.

आता तीच चेसिस कागदांच्या बाजूने पाहू, कारण कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख तिच्यावर ठोकलेला क्रमांक हीच आहे. क्रमांकाची जागा कंपनीगणिक वेगळी असते. ती शोधा, रंग केवळ पातळ थिनरने उतरवा, वर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल घासा. आरटीओतही असाच पेन्सिल प्रिंट मागतात. उमटलेला आकडा आरसी बुकाशी एकेक अंक लावून ताडून पाहा आणि तो जुळल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नका. चेसिस सँडब्लास्टिंगला देताना त्या जागेवर रबराचा तुकडा टेपने घट्ट बांधून द्या, कारण जुना, उथळ ठोकलेला क्रमांक वाळूच्या माऱ्याने पुसला जातो, आणि तो परवानगीशिवाय नव्याने ठोकला तर चोरीच्या गाडीचा संशय तुमच्यावर येतो.

व्हिंटेज नोंदणीही इथेच अडकते. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूप राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे, क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर नेता येत नाही. डिझेल इंजिन बसवू का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर यातच आहे. आरटीओच्या परवानगीशिवाय तसे करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकते आणि परवानगी मिळाली तरी मूळ स्वरूप गेलेच. ज्यांची पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली आहे, त्यांनी ती या नियमांत बसते का हे खरेदीआधीच आरटीओत विचारून घ्यावे.

नागपूरकरांना एक विशेष सूचना द्यावीशी वाटते. एमएच-३१ ही क्रमांक पद्धती १९८९ नंतरची आहे, त्यामुळे खऱ्या जुन्या गाडीवर ती मूळची असूच शकत नाही आणि दिसली तर पुनर्नोंदणीचे कागद मागा. त्याहून मागे गेलो, तर नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते, म्हणून १९५० च्या सुमाराची गाडी त्या राज्याच्या कागदांवर निघाली तर दचकू नका. पहिल्या नोंदणीचा तो कागद फार मोलाचा आहे, त्याला लॅमिनेशन करू नका.

सरकारी खात्यांच्या लिलावातून जुनी जीप-पिकअप मिळेल का, हेही वारंवार विचारले जाते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात मोडीत काढायची असतात, त्यामुळे चालू कागदांसह गाडी मिळण्याची ती वाट बंद झाली आहे. कोणी तुम्हाला स्वस्तात तशी गाडी देऊ केली, तर तुम्ही भंगार विकत घेत आहात, एवढे ध्यानात ठेवा.

आणि टाटा ४०७. ही गाडी १९८६ साली बाजारात आली, म्हणजे अगदी पहिल्या तुकडीतील ४०७ लाही २०३६ शिवाय पन्नास वर्षे पूर्ण होत नाहीत. तोपर्यंत तिला फिटनेस आणि नूतनीकरणाचे नेहमीचेच नियम लागू राहतील. हातोडी, पेचकस, ओळंबा आणि पेन्सिल मात्र तिच्याखालीही याच क्रमाने न्यायची आहेत, आणि ४०७ च्या बाबतीत मी पहिली हातोडी केबिनच्या मागे, हौद्याचा पहिला आडवा चॅनेल जिथे टेकतो तिथे मारतो.